अग्रशाळा की हॉटेल?

लांबच्या सुटीसाठी समुद्रकाठच्या शहरी उतरणाऱ्या माणसास दोन प्रश्न पडतात : निजावे कोठे आणि जेवावे कोठे. आपण येथे कोण म्हणून आलो, हा तिसरा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. गोव्यातील देवस्थानांच्या अग्रशाळांविषयी जी कुरबुर आमच्या कानी आली, तिचे मूळ या न पडलेल्या प्रश्नात आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही मोहगावचे. सौंसर तालुक्यातील आमचा गाव पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होता, २०२३ पासून तो पांढुर्णा जिल्ह्यात आला. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मराठी बोलणारे मध्यप्रदेशातच राहिलो. मृगबहाराची संत्री विकून झाली म्हणजे आम्हांस सवड मिळते. या खेपेस सहकुटुंब नागपूर गाठले, एक दिवस नि एक रात्र गाडीत काढली आणि मडगावास उतरलो. पणजीस महिनाभरासाठी घेतलेली जागा दोन दिवसांनी मोकळी व्हायची होती. म्हणून ते दोन दिवस फोंड्याकडील एका देवस्थानच्या अग्रशाळेत काढले.

तेथे आमच्या शेजारच्या खोलीत एक बिऱ्हाड होते. ते आमच्याच नागपूरकडचे, हे सांगताना आम्हांस संकोच वाटतो. समुद्रस्नानाचे ओले कपडे त्यांनी देवळाच्या प्राकारातील कठड्यावर वाळत घातले होते. एवढ्याने भागले नाही. पहाटे चौघडा सुरू होताच गृहस्थ व्यवस्थापकांकडे गेले आणि मुलांची झोप मोडते, हे जरा उशिरा वाजवता येणार नाही काय, असे विचारते झाले. व्यवस्थापक गप्प राहिले, तेव्हा, ''आम्ही पैसे भरले आहेत!'' व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, ''पयशे कुडीचे दिल्यात, देवळाचे न्हय.'' कोंकणीत कूड म्हणजे खोली. आमच्या घरच्या मंडळींनी कुडी म्हणजे देह असा अर्थ घेतला आणि त्या उत्तरातील वेदान्तावर दिवसभर चर्चा केली! अर्थ कोणताही घ्या, उत्तर बिनतोड होते.

परंतु त्याच ओसरीवर जो दुसरा सूर आम्ही ऐकला, तो आम्हांस मुळीच मान्य नाही. ''हे भायले असेच. अग्रशाळा महाजनांपुरती ठेवावी, नाहीतर दर चौपट करावेत,'' असे एक वयोवृद्ध सेवेकरी म्हणत होते आणि चारचौघे माना डोलावीत होते.

'भायले' म्हणजे बाहेरचे. पण बाहेरून आलेला कोण नाही? श्रीमंगेश मूळचे कुठ्ठाळीचे. १५६० साली भाविकांनी त्यांस झुआरी ओलांडून प्रियोळास आणले, कारण फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती गेलेला नव्हता. महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास. ज्या गावांनी या देवतांना जागा दिली त्यांनी 'तुम्ही येथले महाजन काय?' असे विचारले असते, तर आज आरती कोणापुढे झाली असती? आणि कवळ्याचे १७३८ साली पुरे झालेले मंदिर कोणाच्या प्रयत्नाने उभे राहिले? शाहूमहाराजांचे मंत्री नारोराम यांच्या. म्हणजे कोचऱ्याच्या माणसाने घाटावरच्या दरबारात कमावलेले वजन देवीच्या पायी घातले. घाटावरून देणगी यावी आणि माणूस येऊ नये, हे कोणते शास्त्र? या पत्राचे वाचक ज्या समाजाचे आहेत त्यांचे पूर्वजही देव डोईवर घेऊन कानडी मुलखात नि थेट कोचीपर्यंत गेलेच ना? तेथे त्यांस जागा मिळाली.

मात्र ते गेले ते आश्रित म्हणून. कोचीस त्यांनी मलयाळम आत्मसात केली, घरात कोंकणी राखली आणि तिरुमल देवस्वम उभे केले. पैसे भरले आहेत असे ते कोणास सुनावीत बसले नाहीत. सुटीवर आलेल्या आमच्या बांधवांचा दोष एवढाच की, त्यांस पाहुणा होता येत नाही. गिऱ्हाईक तेवढे होता येते.

म्हणूनच दर चौपट करण्याची सूचना आम्हांस सर्वांत घातक वाटते. खोलीचे भाडे हॉटेलइतके झाले की राहणारा हॉटेलाइतकाच हक्क सांगू लागेल. आज तो चौघडा उशिरा वाजवा म्हणतो, उद्या आरती संक्षिप्त करा म्हणेल, आणि त्या पैशाची सवय लागलेली समिती त्याचे ऐकेल. गरीब नवसकरी तेवढा प्राकाराबाहेर राहील. भाडे हलकेच असू द्या, बंधने मात्र जड असू द्या. तीन रात्रींहून अधिक मुक्काम नको. महिनाभर राहणाऱ्याने आमच्यासारखी शहरात जागा पाहावी. खोलीची किल्ली घेतली त्याने सायंकाळच्या आरतीस उभे राहावे, ज्याला ते नको त्याने खुशाल मिरामारजवळ उतरावे. नियमांची पाटी मराठीत नि कोंकणीत, दोन्ही भाषांत असावी.

हे आम्ही यजमानपणाच्या अनुभवावरून लिहीत आहोत. महाशिवरात्रीस मोहगावी अर्धनारीश्वराच्या दर्शनास गर्दी लोटते, तेव्हा आमच्या ओसरीवर अनोळखी माणसे निजतात. कोणी आडनाव विचारीत नाही. परंतु पहाटे त्यांच्यातला कोणी झोपून राहिला, तर आमच्या मातोश्री त्याच्या उशाशी घागर आपटतात.

येत्या वैशाखात आम्ही पुन्हा त्याच अग्रशाळेत दोन रात्रींसाठी येणार आहोत. दारावर 'केवळ महाजनांकरिता' अशी पाटी दिसली, तर हा अंक व्यवस्थापकांच्या मेजावर ठेवू, आणि खोली मिळेपर्यंत पायरीवर बसून राहू.