नळाचे जड पाणी आणि गरिबाचा साबण

गावात नळ आला म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला, असा आमच्या नगरपालिकांच्या कारभारी मंडळींचा समज असतो. टाक्या किती बांधल्या, नळ किती दिले, रोज किती लाख लिटर सोडले, एवढे अहवालात छापले की त्यांचे काम झाले. त्या पाण्यात काय आहे हे कोणी सांगत नाही, आणि आमची गरीब जनताही विचारीत नाही. पाणी नितळ आहे, त्यास वास नाही, मग तक्रार ती कसली? परंतु ज्या माउलीस त्याच पाण्यात धुणे धुवावे लागते, डाळ शिजवावी लागते व न्हाणीतला पांढरा थर खरवडावा लागतो, तिला एकदा विचारून पाहावे. आज आम्ही तिचाच हिशेब येथे मांडणार आहोत.

आमच्या देशावर व विशेषतः मराठवाड्यात जमिनीखाली काळा कातळ आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मातीतला कर्बवायू उचलते, त्यामुळे किंचित आंबट होते, आणि मग कातळातला चुना व मॅग्नेशियम विरघळवीत खाली जाते. जितके पाणी खोल व जुने, तितका हा भार बहुधा अधिक. नदीचे व धरणाचे पाणी त्यामानाने हलके असते. सबब धरणात पाणी आहे तोवर शहराचे बरे चालते. धरण आटले की बोअर आणि टँकर, व त्यांच्याबरोबर जड पाणी. लातूरचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून आगगाडीने पाच लाख लिटर पाणी आले. त्या गाडीची छायाचित्रे देशभर झळकली. त्याच उन्हाळ्यात घरोघर जे बोअरचे पाणी वापरले गेले, त्याचे छायाचित्र मात्र कोणी काढले नाही.

आता साबणाचे गणित पाहा. पाण्याचा जडपणा चुनखडीच्या वजनाने मोजतात. सरकारी मानकाप्रमाणे (भारतीय मानक १०५००, सन २०१२) पिण्याच्या पाण्यात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा उगमच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. समजा, तुमच्या नळाचे पाणी ५०० चे आहे. म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीत साडेसात ग्रॅम चुनखडीचा भार झाला. एक ग्रॅम भार सुमारे सहा ग्रॅम अस्सल साबण गिळतो व त्याचा चिकट साका करतो. तेव्हा त्या बादलीचे पाणी फेसाळ व्हायचे तर अगोदर पंचेचाळीस ग्रॅम साबण त्यात बुडाला पाहिजे. मळ काढणारा साबण त्यानंतरचा! सावकार मुद्दलाला हात लावण्यापूर्वी व्याज कापून घेतो, तसाच हा प्रकार. आणि साका नुसता वाया जात नाही, तो कापडात बसतो. पांढरे धोतर पिवळट पडते, लुगडे राठ होते, कापड वेळेआधी विरते. धुण्याच्या पावडरीचा असा साका होत नाही हे खरे. पण तिचाही जोर या पाण्यात कमी पडतो आणि मूठभराच्या जागी दोन मुठी लागतात.

चुलीपाशी हीच कथा. पाण्यातला चुना डाळीच्या सालीतल्या व गरातल्या पेक्टिनला धरून बसतो, म्हणून डाळ तासभर रटरटली तरी दाणा अखंड. मग सासू सुनेला बोल लावते, सून वाण्याला, आणि वाणी म्हणतो डाळ नवी आहे! खाण्याचा सोडा घालून डाळ मऊ होते, पण तिच्यातले ब-१ जीवनसत्त्व नासते. बंबाच्या व पातेल्याच्या आत पांढरी खपली चढते. तिच्यातून उष्णता नीट जात नाही, म्हणून जळण जास्त लागते. सिलिंडर दोन दिवस आधी संपला तर तो कोणी चोरला हे यावरून कळेल.

कारागिरांचे नुकसान तर कोणी मोजतच नाही. परटाचा साबण, न्हाव्याचा फेस, रंगाऱ्याचा डागाळलेला रंग, हे सर्व त्यांच्या मजुरीतून वजा होते. शेतकऱ्याच्या ठिबकच्या नळ्यांची भोके याच क्षाराने बुजतात, आणि ग्लायफोसेटसारखे तणनाशक जड पाण्यात कालवले तर त्याचा गुण उतरतो. औषध खोटे निघाले म्हणून दुकानदाराशी भांडण्यापूर्वी पाणी तपासावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. जड पाण्याने मुतखडा होतो, अशी भीती गल्लोगल्ली घातली जाते. या गोष्टीस शास्त्राचा भक्कम आधार मिळालेला नाही. उलट उन्हात राबून पाणी कमी पिण्याने खडा होतो हे पक्के ठाऊक आहे. चुना व मॅग्नेशियम शरीरास लागणारेच पदार्थ आहेत. खरे भय आहे ते बोअरच्या पाण्यात जडपणाबरोबर येऊ शकणाऱ्या नायट्रेटचे व फ्लोराइडचे. पण ती डोळ्यांस दिसत नाहीत, म्हणून त्यांची चर्चा नाही. आणि पांढरा थर दिसतो, म्हणून त्याच्या जोरावर यंत्रे विकली जातात. आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर मोरीत सोडते. ते पाणी फरशीला, संडासाला वापरावे. दुष्काळी मुलखात ते फेकणे हे पाप आहे. मिठावर चालणारे दुसरे यंत्र चुना काढून त्याच्या जागी सोडियम घालते. ५०० च्या पाण्यात लिटरमागे सुमारे २३० मिलिग्रॅम. रक्तदाबाच्या रोग्याने ते पिऊ नये. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा जात नाही.

मग गरिबाने काय करावे? धुण्याच्या बादलीत दहा-बारा ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा आधी विरघळवून पाणी थोडे निवळू द्यावे. चार पैशांचा सोडा पुष्कळ साबण वाचवितो. तो डाळीत अथवा अंघोळीच्या पाण्यात मात्र घालू नये. डाळीसाठी पाणी उकळून, थंड करून, वरचेवर ओतून घ्यावे. जडपणाचा एक भाग तळाशी बसतो. पातेल्याची खपली चिंचेने वा लिंबाने निघते. आणि पावसाचे पाणी धरावे. तीनशे चौरस फुटांचे पत्र्याचे छप्पर असेल व पाऊस सातशे मिलिमीटर धरला, तर गळती वजा जाता पंधरा हजार लिटर पाणी वर्षास मिळते. पहिल्या सरीचे सोडून द्यावे, उरलेले पिंपात अथवा आपल्याच बोअरमध्ये मुरवावे.

परंतु सर्व भार घरच्या बाईवर टाकून नगरपालिकेने मोकळे व्हावे, हे आम्हांस मान्य नाही. बंगल्यात यंत्र बसते म्हणून बंगलेवाला गप्प राहतो, आणि पेठेतल्या बाईचा आवाज सभागृहात पोचत नाही. पाणीपट्टी मात्र दोघेही भरतात. चुनकळी घालून सबंध शहराचे पाणी हलके करण्याची युक्ती क्लार्क नावाच्या स्कॉटलंडच्या रसायनशास्त्रज्ञाने १८४१ साली काढली, ती काही आजची नाही. तितके जमत नसेल तर निदान एवढे तरी करावे: प्रत्येक प्रभागाच्या पाण्याचा जडपणा, नायट्रेट व फ्लोराइड दरमहा मराठीत टाकीपाशी फळ्यावर लिहावे; नमुना धरण भरल्या वेळचा न घेता एप्रिल-मेचा घ्यावा; आणि बोअरचे पाणी नळात मिसळू लागल्याचा दिवस लोकांस आगाऊ कळवावा.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत पाणी तपासून मिळते. प्रत्येक आळीने वर्गणी काढून उन्हाळ्यात एक बाटली तेथे नेऊन द्यावी, नगरपालिकेकडे २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने तिचे आकडे मागावेत, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून आपल्या नगरसेवकास घरी बोलवावे. चहा त्याच नळाच्या पाण्याचा द्यावा.