उघड्या दाराची प्रार्थना

येत्या रविवारी, ५ एप्रिल २०२६ रोजी, पुनरुत्थानाचा सण आहे. १९२२ साली याच तारखेला केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई प्रभूमध्ये विसावल्या. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे हे दोन दिवस क्वचितच एकत्र येतात. रविवारी पहाटेच्या उपासनेला जमणाऱ्या मराठी मंडळ्यांनी रमाबाईंचे स्मरण करावे, असे आम्हाला मनापासून वाटते. विदुषी, समाजसुधारक, स्त्रीशिक्षणाच्या कैवारी म्हणून त्यांचे नाव घेतले जातेच. प्रार्थना करणारी बाई म्हणून त्यांच्याकडे पाहायचे मात्र राहून जाते. आज आपल्याला गरज आहे ती या रमाबाईंची.

त्यांच्या वाट्याला काय काय आले ते आठवून पाहावे. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भावाबरोबर अनवाणी, अर्धपोटी देश पालथा घातला. १८८० मध्ये तोही गेला. १८८२ च्या आरंभी पती बिपिनबिहारी मेधावी यांना कॉलऱ्याने ओढून नेले, तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेल्या, तर ऐकू कमी येते म्हणून तो बेत सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोष्ट इथे संपवावी असा मोह कुणालाही व्हावा. दुःखी बाई प्रभूच्या पायाशी आली आणि तिला शांती मिळाली, असे आपल्या साक्षीच्या सभांमध्ये नेहमी ऐकायला मिळते.

रमाबाईंनी तसे सांगितले नाही. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या स्पष्ट म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. १८८३ ते १८९१ या आठ वर्षांत त्या अमेरिका फिरल्या, पुस्तक लिहून जगासमोर इथल्या विधवांचे दुःख मांडले, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. बाहेरून पाहणाऱ्याला हे यशच यश. आत मात्र जीव अस्वस्थ होता. मग विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या हाती आले. हे हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये पाळक होते आणि ऐन व्यासपीठावर, स्वतःच प्रवचन करत असताना, त्यांचे परिवर्तन झाले. चर्च उभारणाऱ्या, उपासना चालवणाऱ्या माणसालाही आत रितेपण असू शकते, हे वाचून रमाबाईंना आपला आजार कळला. देवापुढे आपण आजवर आपली विद्या, आपली तळमळ, आपले काम घेऊन उभ्या होतो. रिकाम्या हाताने कधी गेलोच नाही, हे त्यांना उमगले. त्यानंतर त्यांच्या प्रार्थनेचा सूर पालटला.

आम्हाला या आठ वर्षांचे फार मोल वाटते. विसावा बाप्तिस्म्याच्या दाखल्याबरोबर मिळत नाही, हे इतक्या मोठ्या बाईने लिहून ठेवले आहे. जे आज बाकावर बसून गीत गातात आणि आतून थकलेले असतात, त्यांना या कबुलीने किती धीर येईल! आणखी एक गोष्ट. हा विसावा मिळवण्यासाठी रमाबाईंनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. त्यात त्या शंका विचारतात, वाद घालतात, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटलेली मान दुसऱ्याच्या जोखडात अडकवणार नाही असे बजावतात. ज्या मंडळीत प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला अविश्वासू ठरवले जाते, तिथल्या वडील मंडळींनी ही पत्रे जरूर वाचावीत. देवाशी मोकळेपणाने बोलणारे माणूस माणसांपुढे भिऊन कसे राहील?

या मोकळेपणाची किंमत त्यांना लवकरच मोजावी लागली. शारदा सदन तोवर पुण्यात आले होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह सकाळी प्रार्थना करत आणि दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. गवगवा झाला, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि कित्येक पालकांनी मुली परत नेल्या. टीकाकारांची भीती निव्वळ द्वेषातून आली होती, असे आम्ही म्हणणार नाही. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे वचन होते, आणि आपल्या मुलीचे काय होईल ही बापाची काळजी खरीच असते. पण रमाबाईंचा मुद्दाही तितकाच खरा होता. हिंदू मुलींना त्यांचे देवधर्म करण्याची मुभा त्यांनी दिली होती. मग आपल्या प्रार्थनेसाठी त्यांनी दार का लावावे? त्यांनी ते लावले नाही. सदन बंद पडते की काय अशी वेळ आली, तरीही नाही. १८९१ पूर्वीच्या रमाबाईंना लोकांच्या रोषाचा हा भार असा पेलता आला असता का, याची आम्हाला शंका आहे.

प्रार्थनेतला विसावा म्हणजे कामातून सुटका, असा एक समज आपल्याकडे आहे. केडगाव त्याला उत्तर आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्याकडेला मरू घातलेल्या मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या मुलींना तिथे ठेवता येईना. म्हणून पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावातील आपल्या जमिनीवर त्यांनी तंबू ठोकले. पुढे गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि १९०० च्या सुमारास मुक्तीत सुमारे २००० जीव राहत होते. रोज दोन वेळा इतकी तोंडे भरवायची. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी कबूल केलेली मदत शारदा सदनासाठी होती. या नव्या लेकरांची हमी कुणी घेतली नव्हती. ब्रिस्टलला प्रार्थनेच्या बळावर अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. त्याच वाटेने त्या चालल्या. पहाटे प्रार्थना, मग विहिरी खणणे, शेती, विणकाम, छापखाना. मार्काच्या शुभवर्तमानात कफर्णहूमातल्या दिवसाचे वर्णन आहे. दारात सगळे गाव लोटलेले, रात्रीपर्यंत आजारी माणसे, आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच येशू एकांतात प्रार्थनेला गेलेला. शिष्य शोधत आले, तेव्हा तो त्याच गर्दीत परतला नाही, पुढच्या गावांना निघाला. लोकांच्या अपेक्षांनी त्याचा दिवस ठरवला नाही. प्रार्थनेतून मिळणारे स्वातंत्र्य ते हे.

१९०५ साल मुक्तीच्या इतिहासात विशेष मानले जाते. वेल्समधल्या संजीवनाच्या वार्ता इकडे आल्या होत्या. जानेवारीत रमाबाईंनी प्रार्थनेसाठी स्वयंसेविका मागितल्या तेव्हा ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा ५५० जणी जमू लागल्या. २९ जूनच्या पहाटेपासून मुलींमध्ये रडणे, पापकबुली, मोठ्याने प्रार्थना सुरू झाली. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत असताना सगळ्या मुली एकदम प्रार्थना करू लागल्या आणि त्यांना बोलणे थांबवावे लागले. हा गलबला काही परदेशी मिशनऱ्यांना रुचला नाही. रमाबाईंनी तो दडपला नाही. आम्हाला त्यांचे हे शहाणपण वाटते. त्या मुलींनी आईबापांना भुकेने मरताना पाहिले होते, काहींनी त्याहून वाईट सोसले होते. त्यांच्या छातीत कोंडलेले बाहेर पडणे हीच त्यांच्या विसाव्याची सुरुवात होती. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे इतकी का आहेत, हे अशा वेळी कळते. देवापुढे गप्प बसता येण्याआधी कधी कधी ओरडावे लागते.

आज आपल्या मंडळ्यांतून जी प्रार्थना ऐकू येते तिच्याबद्दल मात्र चिंता वाटते. व्हिसा, नोकरी, फ्लॅट, मुलीचे लग्न. मागणे चूक नाही. रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवले. पण मागणी पुरी झाली तरच प्रार्थना फळली, असे आपण शिकवू लागलो, तर ज्याची मागणी पुरी झाली नाही त्याने कुठे जावे? गेथशेमानेत येशूने तीनदा तेच मागितले आणि प्याला टळला नाही. पौलाने शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनंती केली, काटा राहिला. तरीही एखाद्या आजारी बाईला आपण सांगतो, तुमचा विश्वास कमी पडतो. नैराश्याने खचलेल्या मुलाला सांगतो, आणखी उपास करा. त्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे. प्रार्थना त्याच्या सोबतीला असावी, औषधाच्या जागी नव्हे. ज्याने श्रमलेल्यांना आपल्याकडे बोलावले त्याच्या नावाने आपण माणसांच्या पाठीवर आणखी ओझे ठेवतो, आणि त्याला आत्मिकता म्हणतो. हे थांबले पाहिजे.

फिलिप्पैच्या तुरुंगातला प्रसंग आपण मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवतो. पौल आणि सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आत टाकले होते. मध्यरात्री ते प्रार्थना करत, गीत गात होते; भूकंप झाला, दारे उघडली, बेड्या गळून पडल्या. मुलांना भूकंपाचे आकर्षण असते, मोठ्यांनी त्यापुढचे वाचावे. दारे उघडी असूनही ते दोघे पळाले नाहीत. कैदी निसटले असे समजून तुरुंगाधिकारी तलवारीने स्वतःचा जीव घेणार होता. पौलाने त्याला हाक मारून थांबवले. प्रार्थनेने ते आधीच इतके मोकळे झाले होते की त्यांना स्वतःच्या सुटकेची घाई उरली नव्हती, शत्रूच्या जिवाची काळजी करायला सवड होती.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षाकडे पाहताना आम्हाला हाच प्रसंग आठवतो. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. जिच्यावर मुक्तीचा सगळा भार सोपवायचा ती चाळीस वर्षांची लेक आईच्या आधी गेली. रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हातचे सोडले नाही. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी ते छापले जात होते. नऊ महिन्यांच्या आत त्यांचाही दिवस आला. त्या दुःखात त्यांना कसे वाटत होते याचे गोड वर्णन करण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्या काम करत राहिल्या, एवढे दिसते.

मंडळ्यांना आमची एक साधी विनंती आहे. ईस्टरपासून २४ मेच्या पेन्टेकॉस्टपर्यंत सात आठवडे आहेत. एवढे दिवस रोज संध्याकाळी तासभर चर्चचे दार उघडे ठेवावे. त्या वेळात प्रवचन नको, माइक नको, अर्पणाची थैली नको. पाळक आणि वडील मंडळींनी आळीपाळीने मागच्या बाकावर नुसते बसावे. कुणी रडले तर कारण विचारू नये; बोलावेसे वाटले तर ऐकून घ्यावे आणि सल्ला देण्याची घाई करू नये. वस्तीतले कुणी ख्रिस्ती नसलेले माणूस थोडा वेळ टेकायला आत आले, तर त्याला खुशाल टेकू द्यावे, आणि निघताना त्याच्या हाती पत्रक देऊ नये.