आजार आईचा, गदा नोकरीवर

लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी आता काचेची कार्यालये आहेत आणि जवळच केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालये. आईच्या केमोथेरपीसाठी नव्या नोकरीतला मुलगा रजा घेतो आणि 'प्रोबेशन'वर असल्याने घरी बसतो. कायदा इथे तोकडा पडतो. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठच नैमित्तिक रजा. भरपगारी अर्जित रजेसाठी २४० दिवस काम झालेले लागते. राज्य कामगार विमा योजनेत कुटुंबाला उपचार मिळतात. पण आजारपणाचा भत्ता आणि त्या काळात बडतर्फीपासून संरक्षण मिळते ते कामगार स्वतः आजारी पडला तरच.

केमोथेरपी मात्र अनेकदा दर तीन आठवड्यांनी, काही महिने चालते. डोस दिल्यावर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी घटतात. तेव्हा ताप आला तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते. एकट्या रुग्णाला ते कसे जमावे? सोबतीचे माणूस हा उपचाराचाच भाग आहे. म्हणून रुग्णालयाच्या दाखल्यावर, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, बिनपगारी का होईना, पण नोकरी शाबूत ठेवणारी रजा कायद्याने द्यायला हवी. तोवर निदान उपचारांच्या तारखा डॉक्टरांकडून लेखी घेऊन कार्यालयाला आधीच कळवाव्यात.