पत्रकारितेची पदवी : नावापेक्षा भाषेचा आणि विषयाचा प्रश्न

रायपूर : बारावीचे निकाल लागले की अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशांच्या गदारोळात माध्यमशिक्षणाची चर्चा मागे पडते. ती घरोघरी होते, परंतु बहुधा अपुऱ्या माहितीवर होते. छत्तीसगडच्या राजधानीत हा प्रश्न इतर शहरांहून थोडा वेगळा आहे. केवळ पत्रकारिता आणि जनसंज्ञापनासाठी स्थापन झालेली राज्य विद्यापीठे देशात मोजकीच आहेत आणि त्यांपैकी एक रायपूरच्या वेशीवर, काठाडीह येथे आहे. घराजवळ विद्यापीठ असूनही या शहरातील विद्यार्थ्याची निवड सोपी झालेली नाही.

कुशाभाऊ ठाकरे पत्रकारिता एवं जनसंचार विश्वविद्यालय २००४ च्या राज्य कायद्याने अस्तित्वात आले आणि २००५ पासून कार्यरत झाले. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते ठाकरे धार येथे जन्मलेले, मराठी कुटुंबातील, १९९८ ते २००० या काळात भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष. २०२० मध्ये तत्कालीन काँग्रेस सरकारने विद्यापीठाला चंदूलाल चंद्राकर यांचे नाव देण्यासाठी विधानसभेत दुरुस्ती विधेयक मंजूर करून घेतले. चंद्राकर हे दिल्लीतील हिंदी पत्रकारितेत नाव मिळवलेले संपादक आणि दुर्गचे काँग्रेस खासदार. विधेयकाला राज्यपालांची संमती मिळाली नाही आणि जुने नाव कायम राहिले. वाद मात्र पुढे बराच काळ चालला. त्या वादात अभ्यासक्रमात काय शिकवले जाते, अध्यापकांच्या किती जागा भरलेल्या आहेत, विद्यार्थी पुढे कोठे जातात, हे प्रश्न दोन्ही बाजूंकडून फारसे विचारले गेले नाहीत.

नावाचा वाद निरुपद्रवी मानण्याचेही कारण नाही. राजस्थानात २०१२ मध्ये काँग्रेस सरकारने स्थापन केलेले जयपूरचे हरिदेव जोशी पत्रकारिता विद्यापीठ पुढील सरकारने बंद केले आणि २०१९ मध्ये सत्ताबदलानंतर ते पुन्हा सुरू झाले. राजकीय कुटुंबाच्या छत्राखाली जन्मलेल्या विद्यापीठाचे भवितव्य मतपेटीशी बांधले जाते, ही बाब प्रवेशअर्ज भरणाऱ्या पालकांना कोणी सांगत नाही.

पदवी खरी की कागदी, हा प्रश्न रायपूरला नवा नाही. किंबहुना या प्रश्नावरील देशातील सर्वांत महत्त्वाचा न्यायनिर्णय याच राज्यातून गेला. २००२ मध्ये छत्तीसगड सरकारने खासगी विद्यापीठांसाठी कायदा केला. राजपत्रात अधिसूचना काढली की विद्यापीठ स्थापन झाले, अशी त्यातील तरतूद होती. अल्पावधीत शंभराहून अधिक विद्यापीठे कागदावर उभी राहिली. त्यांतील अनेकांना इमारत नव्हती, अध्यापक नव्हते, ग्रंथालयाचा तर प्रश्नच नव्हता. ज्येष्ठ शास्त्रज्ञ आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने कायद्यातील संबंधित कलमे घटनाबाह्य ठरवली आणि त्यांखाली स्थापन झालेली विद्यापीठे रद्द केली. प्रत्यक्षात शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्था राज्यातील प्रस्थापित विद्यापीठांशी संलग्न करण्याची वाट न्यायालयाने खुली ठेवली. राज्याबाहेर अभ्यासकेंद्रे उघडून पदव्या वाटण्याच्या प्रकारालाही याच निकालाने चाप बसला.

त्या निकालाला दोन दशके उलटली. आज रायपूर परिसरात माध्यमशिक्षण देणारी रीतसर मान्यताप्राप्त खासगी विद्यापीठे आहेत आणि त्यांना त्या जुन्या प्रकाराशी जोडणे अन्यायाचे ठरेल. परंतु सवय म्हणून काही गोष्टी तपासून पाहाव्यात, हे त्या प्रकरणाने शिकवले. संस्थेचे नाव अनुदान आयोगाच्या यादीत आहे का, वर्ग विद्यापीठाच्या आवारातच भरतात का, आणि प्रमाणपत्रावर पदवीचे नेमके कोणते नाव छापले जाणार, हे प्रवेशापूर्वीच विचारावे लागते. पदव्यांच्या नामाभिधानांची अधिकृत यादी आयोगाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केली आहे. मुंबई विद्यापीठाच्या लोकप्रिय ‘बीएमएम’ अभ्यासक्रमाचे नाव २०१९-२० पासून ‘बीएएमएमसी’ झाले, तेव्हा अनेक पालकांना हा नवाच अभ्यासक्रम वाटला होता.

मात्र मान्यता मिळालेली पदवीसुद्धा पत्रकारितेत परवाना नसते. वकिलीसाठी सनद लागते, वैद्यकासाठी नोंदणी लागते. बातमी लिहिण्यासाठी भारतात कोणतीही शैक्षणिक अट कायद्याने घातलेली नाही. २०१३ मध्ये भारतीय पत्रपरिषदेचे तत्कालीन अध्यक्ष न्या. मार्कंडेय काटजू यांनी पत्रकारांसाठी किमान पात्रता ठरवण्याच्या हेतूने समिती नेमली, तेव्हा देशभर चर्चा झाली. कायदा झाला नाही. तो न होणे योग्यच होते, कारण पदवीची अट आली असती तर जिल्ह्या-तालुक्यांतून स्वबळावर बातमीदारी करणारे हजारो जण एका फटक्यात अपात्र ठरले असते.

पदवी निर्णायक ठरते ती अन्यत्र. भारतीय माहिती सेवेच्या गट ‘ब’ पदांच्या भरतीत पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागितली जाते, शासकीय जनसंपर्काच्या अनेक पदांचेही तसेच. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर ‘जनसंज्ञापन व पत्रकारिता’ या विषयात नेट उत्तीर्ण होण्याचा मार्ग आहे. याउलट भारतीय माहिती सेवेच्या गट ‘अ’ साठी नागरी सेवा परीक्षा द्यावी लागते आणि तिथे कोणत्याही शाखेची पदवी चालते. सरकारी जनसंपर्क, अध्यापन आणि वृत्तकक्ष यांपैकी कोठे जायचे आहे, याचे ढोबळ उत्तर तरी हाताशी असल्याशिवाय अभ्यासक्रमांची तुलना निरर्थक आहे.

वृत्तकक्षात जायचे असेल, तर अठराव्या वर्षी थेट पत्रकारितेची पदवी घ्यावी की आधी अर्थशास्त्र, कायदा, भूगोल किंवा संख्याशास्त्र शिकून मग पदव्युत्तर पत्रकारितेकडे वळावे, हा खरा पेच आहे. छत्तीसगडपुरते पाहिले तर दुसऱ्या मार्गाचे पारडे जड वाटते. या राज्यातील सर्वांत मोठी आर्थिक बातमी धानखरेदीची असते. २०२३-२४ च्या हंगामापासून राज्य सरकार एकरी २१ क्विंटलपर्यंत धान ३१०० रुपये क्विंटल दराने घेते, हे वाक्य प्रत्येक बातमीत असते. त्या हंगामात केंद्राचा हमीभाव २१८३ रुपये होता आणि उरलेले ९१७ रुपये राज्याच्या तिजोरीतून स्वतंत्र योजनेद्वारे गेले. ही फोड समजणारा वार्ताहर अर्थसंकल्पाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. हसदेवच्या जंगलातील कोळसा, बैलाडिल्याचे लोहखनिज, जिल्हा खनिज निधीचा हिशेब, १९९६ च्या पेसा कायद्याखालील ग्रामसभेचा ठराव या बातम्या कॅमेऱ्याच्या कौशल्याने उलगडत नाहीत. त्यासाठी कागद वाचता यावा लागतो. तंत्र वर्ष-दीड वर्षात शिकता येते आणि दर तीन वर्षांनी बदलतेही; विषयाचे ज्ञान इतक्या लवकर शिळे होत नाही.

तीन वर्षांची पत्रकारितेची पदवी कुचकामी आहे, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक कुटुंबाला पाच वर्षांच्या शिक्षणाचा खर्च झेपत नाही, आणि ज्याला लवकर कमवायचे आहे त्याला ध्वनिचित्र संपादन, जाहिरात, समाजमाध्यम व्यवस्थापन यांत ही पदवी काम मिळवून देऊ शकते. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी छत्तीसगडमध्ये २०२४-२५ पासून सुरू झाल्याने एक, दोन, तीन किंवा चार वर्षांनी बाहेर पडण्याची सोय झाली आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांसह मिळाल्यास पीएचडीचा मार्ग थेट खुला होतो. मुख्य विषय म्हणून पत्रकारिता आणि गौण विषय म्हणून अर्थशास्त्र घेता येत असेल, तर वर मांडलेला पेच बराच सैल होतो. गौण विषयाची यादी माहितीपुस्तिकेत लांबलचक असते; त्यांतील किती विषयांना प्रत्यक्षात अध्यापक आहेत, हे विभागात जाऊन विचारलेले बरे.

रायपूरच्या मराठी घरांपुढे आणखी एक प्रश्न असतो, भाषेचा. नागपूरकर भोसल्यांची सत्ता १८५४ पर्यंत या मुलखावर होती आणि तेव्हापासूनची मराठी वस्ती शहरात टिकून आहे. या घरांतील मुले घरी मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी बोलतात. पालक याकडे अडचण म्हणून पाहतात. वास्तविक छत्तीसगडमधील पत्रकारितेचा पाया अशाच एका मराठीभाषकाने घातला. माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहकारीही मराठीच. पैशाअभावी १९०२ अखेर मासिक बंद पडले. पुढे सप्रे यांनी नागपुरात ‘हिंदी केसरी’ चालवला, राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंग पाहिला आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. दोन भाषांत सारख्याच सहजतेने काम करण्याची क्षमता हेच त्यांचे भांडवल होते.

आज हे भांडवल वापरण्याच्या जागा रायपूरपासून फार दूर नाहीत. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे. या संस्थेला २०२४ च्या आरंभी अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्याने तिला आता पदविकेबरोबर पदवीही देता येते. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात जनसंचार विभाग आहे. नागपूर तर जुन्या मध्य प्रांताची राजधानी. तेथील हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये पत्रकारितेचे वर्ग सुरू झाले तेव्हा रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. ही तिन्ही ठिकाणे मुंबई-हावडा लोहमार्गावर किंवा त्याच्या लगत आहेत. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटचे आकर्षण वेगळेच. २०२१ मध्ये ते विद्यापीठाच्या दुसऱ्या माध्यम विभागात विलीन करण्याचा घाट घातला गेला तेव्हा माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. माजी विद्यार्थ्यांची अशी फळी कोणत्या संस्थेच्या मागे उभी आहे, हाही निवडीचा एक निकष ठरू शकतो, कारण पहिली नोकरी बहुधा याच ओळखीतून मिळते.

छत्तीसगडमध्ये पत्रकारिता निवडणाऱ्याच्या घरी आणखी एक भीती बोलली जाते. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बिजापूरचे पत्रकार मुकेश चंद्राकर बेपत्ता झाले आणि दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह एका ठेकेदाराच्या आवारातील सेप्टिक टँकमध्ये सापडला. बस्तरमधील रस्तेबांधणीतील गैरव्यवहाराची बातमी त्याआधी प्रसारित झाली होती. पत्रकार संरक्षणाचे विधेयक राज्याच्या विधानसभेने मार्च २०२३ मध्येच मंजूर केलेले होते. बहुतेक अभ्यासक्रमांत माध्यमविषयक कायदे हा एक पेपर असतो, परंतु त्यात बदनामी आणि न्यायालयाचा अवमान यांवर जितका भर असतो तितका संघर्षक्षेत्रातील सुरक्षिततेवर नसतो. बस्तर ज्या राज्यात आहे, त्या राज्यातील विभागांनी तरी हा विषय ऐच्छिक ठेवणे परवडणारे नाही.

वेतनाचे चित्र थोडे बदलू पाहत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमांचा समावेश झाला आहे, आणि नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक करण्यात आले आहे. जिल्ह्यांतून बातम्या पाठवणारे प्रतिनिधी बहुतांशी मानधनावर, कोणत्याही कागदाविना काम करतात. काठाडीहमधून बाहेर पडणाऱ्यांपैकी अनेकांची पहिली नेमणूक अशाच एखाद्या जिल्ह्यात होणार आहे.