घर-संसार : लाल कोंबडीची अंडी गेली कुठे?

आमच्या वस्तीतल्या एक आक्का परवा तणतणतच दारात आल्या. जयभीम घातला, पण बसायला तयार नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तीन कोंबड्या हायेत, महिना झाला, घरात एक अंडं दिसंना. मालक म्हणत्यात, रविवारपासून एकेक कापायला काढू. अन् मला तर येगळाच संशय हाय."

संशय शेजारणीच्या पोरावर होता. तोंडाला तोंड लागून गेले होते आणि दोन्ही घरांचे बोलणे बंद होते.

भगिनींनो, अंड्यांचे पैसे हे आपल्या घरात बाईच्या हातचे पैसे. पोरीच्या वह्या, दवाखान्याला जायचे रिक्षाभाडे, भिशीचा राहिलेला हप्ता, हे सारे त्यातून निघते. अंडी थांबली की पुरुषाला फक्त कोंबडी दिसते, बाईला महिन्याचा हिशेब दिसतो. म्हणून आम्ही चहा अर्धा ठेवून त्यांच्याबरोबर निघालो.

आमची आई रोज सकाळी खुराडे उघडण्याआधी एकेक कोंबडी हातात घेऊन चाचपायची. जिच्या पोटात अंडे लागले ती डालग्याखाली, बाकीच्या मोकळ्या. आता ही सवय मोडली. अंडे न चाचपताही एक खूण कळते. कोंबडीच्या मागच्या बाजूला, अंड्याच्या वाटेच्या दोन्ही अंगांना दोन बारीक टोकदार हाडे लागतात. त्या हाडांमध्ये दोन-तीन बोटे मावली आणि वाट ओलसर, रुंद असली, तर ती कोंबडी अंड्यावर आहे. एक बोट जेमतेम शिरले आणि वाट कोरडी, आकसलेली असली, तर अंडी बंद. तुराही सांगतो. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लालभडक आणि टवटवीत, बंद असलेलीचा फिका आणि आखडलेला.

काळी कोंबडी हातात घेतली तर मानेची, पाठीची पिसे विरळ झालेली आणि खालून नव्या पिसांचे कोंब टोचत होते. खुराड्यात पिसांचा सडा. ही आजारी नव्हती, पिसे टाकत होती. पावसाळा सरून दिवस लहान होऊ लागले की कोंबडी जुनी पिसे टाकते, आणि खाल्लेले अन्न नव्या पिसांना पुरवते. पीस म्हणजे जवळजवळ सगळे प्रथिनच. या कामाला दोन-तीन महिने लागतात आणि तोवर अंडे मागू नये. उलट तिला शेंगदाण्याची पेंड, सुकटीचा चुरा, उकिरड्यातले किडे मिळू द्यावेत. अशी कोंबडी कापली तर पुढच्या हंगामाची अंडी आपणच कापली म्हणायची.

पांढरी चार वर्षांची, आक्कांनीच सांगितले. दोन वर्षांनंतर अंडी उतरतच जातात. तिच्या पंखाखाली उवाही सापडल्या. राख आणि कोरडी माती घातलेला खड्डा करून दिला तर त्यात लोळून ती निम्मे काम स्वतःच करते. पण तिच्याकडून फार आशा नको, हे आम्ही आक्कांना स्पष्ट सांगितले.

उरली लाल. तुरा जास्वंदीसारखा, हाडांत तीन बोटे सहज. आम्ही म्हणालो, "आक्का, ही अंडी घालतेय."

"मग घालतीय कुठं?" आक्का शेजारच्या दाराकडे बघत म्हणाल्या.

गावरान कोंबडीला आडोसा लागतो. खुराडे ओले, पिसवांनी भरलेले असले, किंवा तिथे एकदा मुंगूस येऊन गेले, की ती दुसरी जागा धरते. एक अंडे तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात आणि बहुतेक कोंबड्या ते सकाळच्या पारी घालतात. म्हणून आम्ही सांगितले, उद्या हिला नऊ वाजेपर्यंत कोंडून ठेवा, मग सोडा आणि लांबून पाठोपाठ जा. अंडे अडलेली कोंबडी दाण्याकडे बघत नाही, थेट आपल्या जागेवर जाते.

दुसऱ्या दिवशी तसेच झाले. लाल निघाली ती मोरीमागून, सार्वजनिक नळाला वळसा घालून, जुन्या पत्र्यांच्या ढिगात शिरली. पत्रा उचलला तर चौदा अंडी. आणखी दोन-चार दिवस गेले असते तर ती तिथेच रवणावर बसली असती, आणि एकवीस दिवसांनी पिले घेऊन आली असती किंवा मुंगसाच्या तोंडी गेली असती.

खुडूक झालेल्या कोंबडीची गोष्ट वेगळी. ती पिसे फुलवून बसून राहते, हात लावला की टोचते, अंडी बंद करते. पिले नको असतील तर काही लोक तिच्या नाकात पीस ओवतात, पाण्यात बुचकळतात. आम्हाला हे बघवत नाही. खाली अंथरूण नसलेल्या, हवा खेळणाऱ्या जाळीच्या खुराड्यात चार दिवस दाणापाण्यासह ठेवली तरी तिचे रवण उतरते.

ज्यांच्याकडे यातले काहीच नसेल त्यांनी दाणा-पाणी पाहावे. नुसती तांदळाची कणी आणि शिळी भाकरी यांवर पोट भरते, अंडे भरत नाही. कवचासाठी चुना लागतो. शिंपल्याचा चुरा, नाहीतर घरातली अंड्याची टरफले भाजून, बारीक कुटून द्यावीत. अख्खी टाकू नयेत, अंडी फोडून खायची खोड लागते. आणि अंड्यात तीन हिस्से पाणीच असते. उन्हाळ्यात भांडे एक दिवस कोरडे राहिले तरी अंडी थांबतात. डिसेंबरात आपल्याकडे उजेड अकरा तासांचा, अंड्यांना चौदा तरी लागतो. मोठे पोल्ट्रीवाले म्हणून दिवे लावतात. तीन कोंबड्यांसाठी विजेचे बिल वाढवू नये, असे आमचे मत.

मात्र हिरवी पातळ विष्ठा, मुरगळलेली मान, धाप अशी लक्षणे दिसली तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. त्याची लस आधीच द्यायची असते, पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूने काय झाले, ते आपण विसरलेलो नाही.

चौदा अंडी आक्कांनी पाण्याच्या बादलीत सोडली. पाच वर तरंगली, ती पुरली. नऊ तळाला बसली. त्यातली चार पदरात घेऊन आक्का शेजारच्या दाराशी गेल्या आणि बराच वेळ कडी न वाजवता तशाच उभ्या राहिल्या. दार शेवटी त्या पोरानेच उघडले.