पैसे परवान्याचे, की शिकवणीचे?

दुचाकी घेताना हप्ता किती, विमा किती, अ‍ॅव्हरेज किती याची चौकशी दहा ठिकाणी केली जाते. मात्र ती चालवायला कोण शिकवणार आणि किती तास शिकवणार, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. 'लायसन्सचे किती?' एवढ्या एकाच प्रश्नावर सारा व्यवहार ठरतो. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा तालुक्यांत दुचाकी ही आता चैन राहिलेली नाही. पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांत येणारा कारागीर, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला जाणारा कामगार, आसपासच्या गावांतून महाविद्यालयात येणारी विद्यार्थिनी अशा अनेकांचा दिवस दुचाकीवर अवलंबून असतो. त्यामुळे परवान्यासाठीच्या प्रशिक्षणाची आखणी कशी करावी आणि त्याचे पैसे कोणत्या रीतीने द्यावेत, हा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही.

सरकारी खर्च अल्प

मुळात परवान्याचा सरकारी खर्च फारसा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शुल्काचा तक्ता डिसेंबर २०१६ मध्ये सुधारण्यात आला. त्यानुसार शिकाऊ परवान्यासाठी प्रत्येक वाहनप्रकारामागे १५० रुपये, त्याच्या परीक्षेसाठी ५० रुपये, वाहन चालविण्याच्या चाचणीसाठी ३०० रुपये आणि पक्क्या परवान्यासाठी २०० रुपये आकारले जातात. म्हणजे एका वाहनप्रकारासाठी मूळ शुल्क ७०० रुपये होते. कार्ड, टपाल व सेवा आकार त्याव्यतिरिक्त. शिकाऊ परवान्याची परीक्षा जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या साह्याने घरबसल्या देता येते. साहजिकच अर्ज भरून देण्यासाठी मध्यस्थाची गरज पूर्वीइतकी उरलेली नाही.

या ७०० रुपयांवर जी रक्कम दिली जाते, ती कशाची असते, हा खरा प्रश्न आहे. ती शिकवणीची असेल, तर सत्कारणी लागली असे म्हणता येईल. ती केवळ धावपळ वाचविण्याची असेल, तर कुटुंबाने कागद विकत घेतला, कौशल्य नव्हे.

एकरकमी व्यवहाराचे गणित

परवाना हातात मिळेपर्यंतची सर्व जबाबदारी घेऊन एकच रक्कम सांगण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. ग्राहकाला ती सोयीची वाटते. परंतु या व्यवहारात शिकवणाऱ्याचे हित शिकणाऱ्याच्या हिताच्या विरुद्ध दिशेने जाते. रक्कम ठरलेली असल्याने प्रत्येक जादा तास हा शिकवणाऱ्याचा तोटा ठरतो. उमेदवार जितक्या कमी वेळात चाचणीपुरता तयार होईल, तितका नफा अधिक. यात कोणाची नियत वाईट असण्याची आवश्यकता नाही. व्यवहाराची रचनाच तशी आहे.

नियमांत मात्र तासांचा हिशेब आहे. मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलसाठी खासगी वाहनांचा प्रशिक्षण कालावधी किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष वाहन चालविण्याचा सराव किमान १० तासांचा असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. दुचाकीसाठी अभ्यासक्रमातील लागू पडणारा भाग पूर्ण केल्यास पुरेसे मानले जाते. पण खासगी वाहनाच्या परवान्यासाठी शाळेचे प्रमाणपत्र सक्तीचे नसल्याने, घरच्या घरी शिकलेल्या उमेदवाराचे १० तास कोणी मोजत नाही.

आणखी एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. शाळेच्या मोटारीत शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक असणे बंधनकारक आहे. दुचाकीला या अटीतून सूट आहे, कारण तशी सोय तिच्यावर शक्यच नाही. मोटार शिकणाऱ्याची चूक शिक्षक त्याच क्षणी सावरू शकतो. दुचाकीवर ती चूक शिकणाऱ्यालाच भोवते. ज्या वाहनावर शिक्षकाचा ताबा सर्वांत कमी, त्याच वाहनाची शिकवणी सर्वांत ढिलाईने होते, हा यातील विरोधाभास आहे.

आठचा आकडा आणि महामार्ग

दुचाकीच्या चाचणीत इंग्रजी आठच्या आकड्यात पाय न टेकता वाहन फिरवून दाखविण्याला मोठे महत्त्व आहे. तोल आणि क्लचवरील ताबा त्यातून निश्चितच दिसतो. मात्र हे कौशल्य मंद वेगाचे आहे. जीव जातो तो वेगात ब्रेक लावताना, चौकात वळताना, अवजड वाहनाला ओलांडताना आणि पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर.

पेण-रोह्याच्या शिकाऊ चालकाला हे सारे पहिल्याच आठवड्यात भेटते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. पेण, वडखळ, नागोठणे आणि कोलाड याच टप्प्यात येतात. वडखळला अलिबागकडे जाणारी वाहतूक फुटते, तर डोलवी, नागोठणे व धाटाव येथील कारखान्यांमुळे ट्रक आणि टँकरची वर्दळ कायम असते. त्यात कोकणातील चार महिन्यांचा पाऊस. मैदानात आठचा आकडा काढणारा उमेदवार या रस्त्यासाठी तयार असेलच, असे मानता येत नाही.

देशाची आकडेवारीही हेच सुचविते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्यांपैकी ७४ हजार ८९७ जण दुचाकीवरील होते. म्हणजे सुमारे ४४ टक्के. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजारांच्या वर होती.

रोह्याची अडचण वेगळी

एमएच-०६ ही वाहन क्रमांकाची मालिका ज्या परिवहन कार्यालयाची, ते कार्यालय पेणला आहे. पेणच्या उमेदवाराला चाचणी घराजवळ देता येते. रोह्याच्या उमेदवाराला तालुक्याच्या ठिकाणी भरणारे शिबिर गाठावे लागते किंवा नागोठणे-वडखळमार्गे पेण गाठावे लागते. चाचणीसाठी वाहन उमेदवाराने आणायचे असते. पक्का परवाना नसलेल्याने ती दुचाकी महामार्गावरून कशी न्यायची, हा पेच येथे उभा राहतो. शिकाऊ परवानाधारकाने पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात 'एल' लावावा आणि परवानाधारक प्रशिक्षक सोबत असावा. प्रशिक्षकाखेरीज दुसऱ्या कोणालाही मागे बसवू नये, असा नियम आहे.

त्यामुळे रोह्याच्या कुटुंबाने हिशेब मांडताना शिकवणी, चाचणीच्या दिवसाचे वाहन आणि बुडणारी रोजंदारी या तिन्ही बाबी वेगवेगळ्या धरल्या पाहिजेत. चाचणीत नापास झाल्यास सात दिवसांनंतर पुन्हा संधी मिळते आणि चाचणीचे शुल्क नव्याने भरावे लागते. तीन वेळा अपयश आल्यास ६० दिवस थांबावे लागते. हातावर पोट असलेल्या कामगाराला वाया गेलेला एक दिवस दोन तासांच्या जादा शिकवणीपेक्षा महाग पडू शकतो.

परदेशांचा अनुभव

ब्रिटनमध्ये १९९० पासून नवख्या दुचाकीस्वाराला मूलभूत प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्यात आधी मैदानातील सराव आणि नंतर प्रत्यक्ष रस्त्यावर किमान दोन तासांचा सराव असतो. प्रशिक्षक समाधानी असेल तरच उमेदवार पुढच्या टप्प्यात जातो. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांचा अभ्यास केला. त्यांच्या १९८१ च्या अहवालानुसार अपघातग्रस्त चालकांपैकी ९२ टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते.

अर्थात प्रशिक्षण म्हणजे अपघातापासून अभय, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जगभरातील अभ्यासांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात, उपलब्ध अभ्यासांचा दर्जा पाहता प्रशिक्षणाने अपघात नेमके किती घटतात हे ठामपणे सांगता येत नाही, असे म्हटले आहे. म्हणूनच 'क्लास लावला' एवढ्यावर समाधान मानण्यापेक्षा त्या क्लासमध्ये काय शिकविले गेले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

नव्या केंद्रांविषयीचा गैरसमज

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम अधिसूचित केले. ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले. सिम्युलेटर आणि स्वतंत्र सराव मार्ग असलेल्या अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्यास परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट मिळते. २०२४ च्या मे-जूनमध्ये 'आता आरटीओची चाचणी बंद' अशी आवई उठली, तेव्हा नियमांत कोणताही बदल नसल्याचे मंत्रालयाने स्पष्ट केले. नेहमीच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रमाणपत्राने ही सूट मिळत नाही, हेही त्याच वेळी सांगण्यात आले. त्यामुळे 'चाचणीच नको' असे आश्वासन देऊन कोणी जादा पैसे मागत असल्यास ग्राहकाने सावध राहणे इष्ट.

तासांप्रमाणे, टप्प्यांप्रमाणे

मग व्यवहार कसा असावा? पहिली गोष्ट म्हणजे सरकारी शुल्क स्वतः ऑनलाइन भरून पावती जवळ ठेवावी. शिकवणीचे पैसे त्यात मिसळू नयेत. दुसरी गोष्ट, शाळेकडे परवाना आहे काय आणि तिच्याकडे स्वतःची दुचाकी आहे काय, हे विचारावे. ज्या प्रकारचे वाहन शिकवायचे, ते किमान एक वाहन शाळेच्या मालकीचे असावे, असा नियम आहे.

तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट, मोबदला तासांवर ठरवावा आणि टप्प्याटप्प्याने द्यावा. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून ३० दिवसांनंतरच चाचणी देता येते आणि तो परवाना सहा महिने चालतो. हा काळ वाट पाहण्यात न घालवता १० तासांची विभागणी करता येईल. तीन तास मैदानात तोल, क्लच आणि दोन्ही ब्रेकचा एकत्रित वापर. चार तास बाजारपेठ, चौक आणि चढ-उतार. दोन तास प्रशिक्षकासह महामार्ग. एक तास पावसात किंवा संध्याकाळी. प्रत्येक टप्पा पूर्ण झाल्यावर त्याचाच हप्ता द्यावा. टप्पा पक्का झाला नाही, तर जादा तासाचा दर आधीच ठरलेला असावा. एकाच वेळी दोन-तीन शिकाऊ एकत्र आल्यास प्रशिक्षकाचे मैदानातील तास वाटून घेता येतात आणि प्रत्येकाचा भार हलका होतो. बचत गट, महाविद्यालये आणि कारखान्यांतील कामगार संघटना यांना या कामी पुढाकार घेता येईल.

चौथी गोष्ट वाहनप्रकाराची. विनागिअर स्कूटरवर चाचणी दिल्यास परवाना विनागिअरपुरताच मिळतो. पुढे मोटारसायकल चालवायची झाल्यास पुन्हा शुल्क आणि पुन्हा चाचणी. गिअरच्या परवान्यावर स्कूटर चालविता येते. पुढील गरज ओळखून हा निर्णय आधीच घेतलेला बरा.

घरच्या घरी शिकणे बेकायदा नाही. शिकाऊ परवाना, 'एल'ची पाटी आणि परवानाधारक प्रशिक्षक या अटी पाळून थोरला भाऊही शिकवू शकतो. तेथेही टप्पे आणि तास पाळले, तर उद्देश साध्य होतो.

न शिकण्याची किंमत

कायद्याने १६ व्या वर्षी केवळ ५० सीसीपर्यंतची विनागिअर दुचाकी चालविता येते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पेट्रोल स्कूटर १०० सीसीहून मोठ्या असल्याने त्यांना १८ वर्षांची अट लागू होते. २०१९ च्या सुधारणेनंतर विनापरवाना वाहन चालविल्यास ५ हजार रुपयांचा दंड आहे. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपयांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणात दिलेल्या निकालानुसार, परवाना नसलेल्या चालकाने अपघात केल्यास विमा कंपनी जखमीला भरपाई देईल. परंतु मालकाने हयगय केल्याचे सिद्ध झाल्यास ती रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकेल. म्हणजे मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या बापाचे घर आणि शेत पणाला लागते.

परवाना मिळाला की कायद्याची ही टांगती तलवार दूर होते. रस्त्यावरचा धोका मात्र शिकवणीनेच कमी होऊ शकतो. म्हणून पेण असो वा रोहा, 'लायसन्सचे किती?' या प्रश्नाऐवजी 'किती तास शिकवणार, आणि कोणत्या रस्त्यावर?' असे विचारण्याची सवय ग्राहकांनी लावून घेतली पाहिजे. ग्राहक तास मोजू लागले, तर शिकवणाऱ्यांनाही तास द्यावे लागतील.