आपला ऑक्टोबर केशरी नसतो!

नवरात्र संपलं की आपल्या इन्स्टावर ‘ऑटम’ सुरू होतो. ओझरखेड धरणावर जायचं, फोटो काढायचा आणि फिल्टर मारून हिरवंगार गवत केशरी करायचं. झालं वणीचं कॅनडा! मीही हेच केलंय, त्यामुळे हा टोमणा आधी मलाच.

पण फ्रेंड्स, एकदा फिल्टर काढून बघा. आपल्याकडची पानगळ शिशिरातली. आत्ता आहे तो शरद. हवा पावसाने धुतलेली, त्यामुळे सप्तशृंगीचा डोंगर लख्ख दिसतो. गवताची फक्त टोकं पिवळी पडलेली. दुपारच्या ऑक्टोबर हीटमध्ये फोटो पांढराफटक येतो, म्हणून सकाळी सातलाच पोचा.

आता धरणाकडे पाठ करा. शिवारातल्या द्राक्षबागा उघड्याबोडक्या दिसतील. ती पानगळ नाही, ऑक्टोबर छाटणी आहे. पेठ-सुरगाण्याकडून आलेले मजूर एकेक काडी कापतात, डोळ्यांना पेस्ट लावतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपण खातो त्या द्राक्षांची सुरुवात ही. पाऊस लांबला, तर बागायतदाराची झोप याच दिवसांत उडते. आणि आपण फोटो ‘क्रॉप’ करताना नेमकं हेच पीक कापून टाकतो!

म्हणून यंदा एक फोटो असा काढा. बागेत शिरण्याआधी मालकाला आणि मजुरांना विचारा. खाली गाव लिहा, तारीख लिहा. दहा वर्षांनी कुणी यंदाचा ऑक्टोबर शोधला, तर त्याला कॅनडा नको, वणीच सापडू दे.